इटालियन बी-२ देताना: एका 'पण'साठी किती शब्द?

इटलीत नोकरी इंग्रजीवर निभते. बाजार आणि डॉक्टर मोडक्यातोडक्या इटालियनवर निभतात. अडतं ते कागदावर. इटालियन माध्यमाच्या पदवी अभ्यासक्रमाला साधारणपणे बी-२ पातळी (ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांतली चौथी) मागतात. लग्नाच्या किंवा वास्तव्याच्या आधारावर नागरिकत्वाचा अर्ज करायचा असेल, तर डिसेंबर २०१८ पासून किमान बी-१चा दाखला लागतो. मला बी-२ हवं होतं. उन्हाळ्यात तयारी सुरू केली, डिसेंबरच्या सत्रात परीक्षा दिली आणि मार्चमध्ये निकाल आला. त्याच क्रमाने लिहिते आहे. पण सगळी भाषा इथे मावणार नाही, म्हणून एकच विषय धरला आहे: विरोध, विसंगती, नकार आणि उलट अर्थ. परीक्षेच्या पाचही भागांत हा विषय डोकं वर काढतो, आणि इंग्रजीतून इटालियन शिकवणाऱ्या पुस्तकांत तोच सगळ्यात तोकडा असतो.

आधी परीक्षेबद्दल. चार प्रमाणपत्रं सर्वमान्य आहेत: सिएनाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाचं चिल्स, पेरुजाच्या तशाच विद्यापीठाचं चेली, दान्ते आलिगिएरी सोसायटीचं प्लीदा आणि रोमा त्रे विद्यापीठाचं. मी चिल्स निवडलं, कारण त्यात उत्तीर्ण झालेले भाग राखून ठेवता येतात. भाग पाच: ऐकणं, वाचणं, भाषेच्या रचनेचं विश्लेषण (म्हणजे व्याकरण आणि शब्द), लिहिणं, बोलणं. प्रत्येकाला २० गुण आणि प्रत्येकात किमान ११ लागतात. एका भागात १९ मिळवून दुसऱ्यातले ९ भरून काढता येत नाहीत. एखादा भाग राहिला तर बाकीचे १८ महिने ग्राह्य धरले जातात आणि राहिलेला तेवढाच पुन्हा देता येतो.

क्लासबद्दल थोडक्यात. सरकारी प्रौढ शिक्षण केंद्रांत अगदी कमी पैशांत इटालियन शिकवतात, पण त्यांचा भर मुख्यतः ए-१, ए-२ वर असतो. बी-२साठी खाजगी शिकवणी किंवा स्वतःचा अभ्यास. चिल्सच्या जुन्या प्रश्नपत्रिका सिएना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला सापडलं नाही.

जून आणि जुलै 'बट' फोडण्यात गेले. इंग्रजी एका 'बट'वर बरीच कामं उरकते. इटालियन ती कामं वेगवेगळ्या शब्दांना वाटून देते, आणि मराठीही देते. त्यामुळे मनातल्या मनात मराठी, मग इंग्रजी, मग इटालियन असा वळसा घेतला की मधल्या टप्प्यावर भेद पुसला जातो. मधलं स्टेशन वगळलं की बऱ्याच गोष्टी आपोआप जागेवर बसतात.

'मा' आणि 'पेरॉ' दोन्ही म्हणजे 'पण'. फरक जागेचा. 'मा' वाक्याच्या तोंडाशीच येतो. 'पेरॉ' तोंडाशी, मध्ये किंवा शेवटीही चालतो: 'ए बेल्लो, पेरॉ ए कारो' (छान आहे, पण महाग आहे) किंवा नुसतं 'ए कारो, पेरॉ' (महाग आहे पण). बोलण्यात 'मा पेरॉ' असं जोडून सर्रास ऐकू येतं. शाळेतल्या बाई त्यावर लाल रेघ मारतात. फिरेंझेची आकादेमिया देल्ला क्रुस्का, जी १५८३ पासून भाषेची राखण करते आहे, ती त्याला सरसकट चूक म्हणत नाही. परीक्षेत मात्र टाळावं. तपासनीस कोणत्या बाजूचा असेल ते आपल्याला माहीत नसतं.

'पेरॉ' आणि 'पेर्चॉ' कानाला जवळचे वाटतात. पहिला 'पण', दुसरा 'म्हणून'. ऐकण्याच्या भागात हा गोंधळ झाला तर वाक्याची दिशाच उलटते. गंमत अशी की जुन्या इटालियनमध्ये 'पेरॉ'चाही अर्थ 'म्हणून' असाच होता. लॅटिनमधल्या 'यामुळे' या अर्थाच्या शब्दांतून तो आला. 'यामुळे नाही' अशा नकारी वाक्यांतून सरकत सरकत तो विरोधाकडे गेला.

'इन्वेचे' म्हणजे 'मात्र'. इंग्रजी पुस्तकं त्याला 'इन्स्टेड' म्हणतात आणि तिथेच शिकणारा अडकतो. 'इयो प्रेन्दो इल ते, लुई इन्वेचे इल काफ्फे': मी चहा घेते, तो मात्र कॉफी. जागासुद्धा तीच: ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या लगेच नंतर. इंग्रजीत या जागी 'इन्स्टेड' घातलं तर वाक्य बिघडतं. तिथे 'व्हेअरअ‍ॅज' किंवा 'व्हाइल' लागतं. जोडी दोन ठिकाणी मोडते, तेवढं लक्षात ठेवावं. 'घर छान आहे, महाग मात्र आहे' हे मराठीत चालतं. इटालियनमध्ये एकाच वस्तूच्या दोन गुणांत 'इन्वेचे' बसत नाही, 'पेरॉ'च हवा. उलटपक्षी, 'वाटलं होतं सोपं असेल, पण निघालं अवघड' इथे मराठी 'पण'वर भागवते, इटालियन मात्र 'इन्वेचे' घेते, कारण अपेक्षा आणि वस्तुस्थिती यांची तुलना आहे. 'इन्वेचे दी' आणि पुढे मूळ क्रियापद आलं की तो सरळ 'ऐवजी' होतो.

'बेन्सी' हा 'नाही, तर'मधला 'तर'. 'नोन ए उन प्रोब्लेमा दी सोल्दी, बेन्सी दी तेम्पो': प्रश्न पैशांचा नाही, तर वेळेचा आहे. आधी नकार असल्याशिवाय तो येऊच शकत नाही. बोलताना लोक त्याच जागी 'मा' वापरतात. लिहिताना एखादा 'बेन्सी' शोभतो.

आणि 'आन्त्सी'. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घातला आणि तो वाया गेला नाही. त्याची कामं तीन. पहिलं, आधीचा नकार आणखी पुढे नेणं: 'नोन मी दिस्तुर्बी, आन्त्सी!' म्हणजे 'तुझा त्रास नाही होत, उलट बरंच वाटतं'. इथे पुढचं वाक्य न बोलताच सोडून देतात, नुसता 'आन्त्सी' पुरतो, जसं आपण 'छे, उलट!' म्हणून थांबतो. दुसरं, आपणच म्हटलेलं वाढवणं: 'ए ब्रावो, आन्त्सी ब्राविस्सिमो', हुशार आहे, किंबहुना फारच हुशार. तिसरं, बेत बदलणं: 'उन काफ्फे, आन्त्सी नो, उन ते', एक कॉफी, नाही, चहाच द्या. इंग्रजीला यासाठी अनुक्रमे 'ऑन द कॉन्ट्ररी', 'इन फॅक्ट' आणि 'ऑर रादर' अशी तीन वेगळी माणसं कामाला लावावी लागतात. तोंडी परीक्षेत तिसरं काम जीव वाचवतं. चुकीचा शब्द तोंडातून गेला तर 'आन्त्सी' म्हणून दुसरा घ्यायचा. अडखळणं न वाटता ते अस्सल बोलणं वाटतं.

याला लागून एक इंग्रजीचीच सूचना. 'ऑन द कॉन्ट्ररी' आणि 'ऑन दि अदर हॅंड' आपल्याकडे एकमेकांच्या जागी वापरतात. पहिल्याने आधीचं विधान खोडायचं असतं. दुसऱ्याने दुसरी बाजू मांडायची असते, पहिली खरी मानून. इटालियनमध्ये पहिल्यासाठी 'आल कोन्त्रारियो', दुसऱ्यासाठी 'दाल्त्रा पार्ते'. त्याच्याच शेजारी 'दाल्त्रोन्दे' हा फसवा शब्द उभा असतो. तो विरोध दाखवत नाही, 'तसंही', 'नाहीतरी' अशी पुस्ती जोडतो.

ऑगस्टमध्ये इटली बंद असते. शिकवण्याही बंद होत्या, म्हणून तो महिना एकटीने कोन्जुन्तीवोसाठी ठेवला. क्रियापदाचं हे रूप म्हणजे भारतीय विद्यार्थ्यांची धडकी. वाचनात त्याच्याबद्दल 'शंका, इच्छा, भावना' अशी यादी येते आणि त्यात 'जरी'वाले शब्दही कोंबलेले असतात: 'बेन्के', 'सेब्बेने', 'नोनोस्तान्ते', 'मालग्रादो'. पाऊस तर खरोखर पडतोय, मग शंकेचं रूप कशाला, असा प्रश्न इंग्रजीकडून येणाऱ्याला पडतो. मराठीकडून पाहा. 'पाऊस पडत आहे' हे विधान 'जरी'त घातलं की आपण 'पाऊस पडत असला तरी' म्हणतो. 'आहे'चं 'असला' झालं. पाऊस तितकाच खरा आहे, पण त्याला मागे ढकलून पुढचं वाक्य महत्त्वाचं करायचं आहे, म्हणून क्रियापदाने रूप बदललं. 'बेन्के प्योवा, एस्को' मधलं 'प्योवा' हेच करतं.

'आन्के से' चं वागणं दुहेरी आहे आणि मराठीत ते तंतोतंत उतरतं. 'आन्के से प्योवे, एस्को': पाऊस पडतोय, तरी मी बाहेर पडते. साधं क्रियापद, खरा पाऊस. 'आन्के से प्योवेस्से, उशिरेई': पाऊस पडला तरी मी बाहेर पडेन. कल्पनेतला पाऊस, म्हणून कोन्जुन्तीवोचं भूतकाळी रूप. मराठीतही कल्पनेसाठी 'पडला' हे भूतकाळीच रूप येतं. इंग्रजीत हाच फरक 'ईव्हन दो' आणि 'ईव्हन इफ' असा दोन शब्दांनी होतो. व्याकरणाच्या भागात कंसातलं क्रियापद योग्य रूपात भरायचं असतं, तेव्हा आधी रिकाम्या जागेच्या अलीकडचा जोडशब्द पाहायचा: 'आन्के से' असेल तर बहुधा साधं रूप, 'बेन्के' असेल तर कोन्जुन्तीवो. मग मुख्य वाक्याचा काळ पाहायचा. मुख्य वाक्य वर्तमानात असेल तर 'सीया' (असला), 'आब्या स्तुद्यातो' (अभ्यास केलेला असला). भूतकाळात असेल तर 'फोस्से', 'आवेस्से स्तुद्यातो'. चारच खाने आहेत. ते पाठ असले की बरेचसे गुण हातात येतात.

काय बिघडतं ते सांगते. मराठीत 'जरी' आला की 'तरी' येतोच, म्हणून हात आपोआप दुसऱ्या अर्ध्यात 'मा' लिहितो. इंग्रजीत 'ऑल्दो'नंतर 'बट' घालण्याची आपली जुनी खोड तीच. दोन्ही भाषांत एकच जोडशब्द ठेवायचा, दुसऱ्या अर्ध्यासमोर नुसता स्वल्पविराम. 'डिस्पाइट ऑफ' हीसुद्धा ओळखीची चूक. 'नोनोस्तान्ते'लाही पुढे कोणतंच अव्यय लागत नाही, 'नोनोस्तान्ते ला प्योज्जा' पुरे. पण 'डिस्पाइट बीइंग टायर्ड' डोक्यात ठेवून 'नोनोस्तान्ते'पुढे मूळ क्रियापद ठेवलं तर चुकतं. तिथे 'नोनोस्तान्ते सीया स्तान्का' किंवा 'पूर एस्सेन्दो स्तान्का'. हे 'पूर एस्सेन्दो' म्हणजे आपलं 'असूनही', फक्त एक अट सांभाळायची. 'ट्रेनला उशीर असूनही मी वेळेवर पोहोचले' मध्ये उशीर ट्रेनला आहे. 'पूर एस्सेन्दो इन रितार्दो' एवढंच लिहिलं तर उशीर मलाच झाला असा अर्थ होतो. कर्ता बदलला की 'नोनोस्तान्ते'कडे वळावं. आणि 'पूर दी' दिसला तर तो या घरचा नाही: 'पूर दी विन्चेरे' म्हणजे 'जिंकता यावं म्हणून वाट्टेल ते'.

'एप्पूरे', 'ओप्पूरे', 'नेप्पूरे' हे तीन भाऊ झटपट वाचताना एकमेकांत मिसळतात: 'आणि तरीही', 'किंवा', 'सुद्धा नाही'. पहिल्यासाठी गॅलिलिओच्या तोंडी घातलेलं 'एप्पूर सी मुओवे', 'तरीही ती फिरतेच', ध्यानात ठेवावं. खटला १६३३ चा, हे वाक्य छापून आलं १७५७ मध्ये, त्यामुळे तो खरंच असं म्हणाला का हा वेगळा वाद. शब्द मात्र विसरत नाही.

सप्टेंबरात नोंदणी. चिल्सची मोठी सत्रं जून आणि डिसेंबरची. परीक्षा सिएनाला जाऊन द्यावी लागत नाही, मान्य केंद्रं गावोगाव आणि परदेशांतही आहेत. नोंदणीची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते आणि लहान केंद्रांच्या जागा त्याहून आधी. फी केंद्रागणिक बदलते. मला शंभर युरोंच्या थोडी वर पडली. भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: गैरहजर राहिल्यास पैसे परत मिळतात का, एकच भाग पुन्हा द्यायचा तर किती, आणि तोंडी परीक्षा त्याच दिवशी असते का. पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं द्यावं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं आणि इटालियन अर्जात त्याला खानाच नसतो. पासपोर्टमध्ये 'दिलेलं नाव' या रकान्यात जे आहे ते सगळं नावाच्या खान्यात जातं. पुण्या-मुंबईतून तयारी करणाऱ्यांनी मुंबईच्या इटालियन सांस्कृतिक संस्थेकडे त्या वर्षी कोणती परीक्षा कोणत्या सत्रात आहे हे विचारावं.

अर्ज आणि सूचनापत्रकं वाचणं हाही विरोधाचाच सराव ठरतो. 'साल्वो' म्हणजे 'वगळता', 'त्रान्ने'ही तेच. 'आ मेनो के नोन' मधला 'नोन' नकार वाटतो, पण नकार करत नाही: 'वेन्गो, आ मेनो के नोन प्योवा' म्हणजे पाऊस नसेल तर येते. 'नोन' पाहून 'पाऊस नसेल तर येणार नाही' असं वाचलं की कारभार उलटा. 'फिन्के नोन' बाबतीत मात्र मराठी आपल्या बाजूने आहे. 'आस्पेत्तो फिन्के नोन आर्रीवा': तो येत नाही तोपर्यंत थांबते. इंग्रजीच्या 'अन्टिल'मध्ये नकार नाही, म्हणून इंग्रज विद्यार्थी इथे चक्रावतात. आपल्याला समजावून सांगण्याचीही गरज नाही. बसथांब्यावर आणि पार्किंगच्या पाटीवर 'फेरियाले' म्हणजे कामाचा दिवस, जरी 'फेरिये' म्हणजे सुट्टी असली तरी. सुट्टीचा दिवस तो 'फेस्तीवो'. पार्किंगच्या पाटीवरच्या 'फेरियाले'त शनिवारही येतो, हे दंडाची चिठ्ठी येण्याआधी माहीत असलेलं बरं.

ऑक्टोबर विरुद्धार्थी शब्दांचा. आपल्याकडे संस्कृतातून 'अ', 'अन्', 'निर्' आले आणि फारसीतून 'बे', 'ना', 'गैर'. कुठल्या शब्दाला कोणता हे नियमाने सांगता येत नाही, 'असोय' होत नाही, 'गैरसोय' होते. इंग्रजीत 'अन्', 'इन्', 'डिस्' अशीच रस्सीखेच आहे. इटालियनमध्ये 'इन्', 'दिस्' आणि एक नुसता 'स्'. हा 'स्' नव्याने शिकायचा: 'फोर्तुनातो' नशीबवान, 'स्फोर्तुनातो' कमनशिबी, 'कोमोदो' सोयीचा, 'स्कोमोदो' गैरसोयीचा, 'कारिकारे' भरणं, 'स्कारिकारे' उतरवणं, 'कोन्सिल्यारे' सुचवणं, 'स्कोन्सिल्यारे' 'नका करू' असं सुचवणं. तो व्यंजनासमोर येतो. स्वरासमोर 'दिस्' लागतो: 'दिसोनेस्तो' बेइमान, 'दिसोक्कुपातो' बेकार. 'स्'पुढे ब, द, ग, ल, म, न, र, व यांपैकी काही आलं तर त्याचा उच्चार आपल्या 'झरा'मधल्या 'झ'कडे झुकतो. लिहिताना अक्षर तेच राहतं. दर वेळी 'स्' उलट अर्थच देतो असंही नाही. 'बात्तेरे' मारणं, 'स्बात्तेरे' आपटणं: इथे जोर वाढला, अर्थ उलटला नाही.

सगळ्यात धोकादायक जोडी 'इनाबिताबिले'. इटालियनमध्ये तो 'राहण्यास अयोग्य'. इंग्रजीतला अगदी तसाच दिसणारा 'इन्हॅबिटेबल' म्हणजे 'राहण्यास योग्य'. भाड्याच्या घरांवरचा उतारा वाचनाच्या भागात आला तर हा एक शब्द उत्तर फिरवतो. 'इन्फ्याम्माबिले' मात्र दोन्हीकडे पेट घेणाराच.

काही शब्द स्वतःशीच भांडतात. 'ओस्पिते' यजमानही आणि पाहुणाही. 'आफ्फित्तारे' भाड्याने देणं आणि घेणं दोन्ही. वाक्यात कोण कोणाला हे पाहूनच कळतं. इंग्रजीच्या 'रेंट'ची तीच गत. ज्यांच्याकडे 'परवा' एकाच शब्दात मागेही जातो आणि पुढेही, त्यांनी याबद्दल तक्रार करू नये. इटालियन तिथे 'लाल्त्रो येरी' आणि 'दोपोदोमानी' असे दोन सुटे शब्द ठेवते.

पाठ केलेले विरुद्धार्थी शब्द लिखाणात धाडधाड वापरले की मजकूर कर्कश होतो. इटालियन माणूस 'ओस्कूरो' म्हणण्याऐवजी 'पोको क्यारो' म्हणतो: फारसं स्पष्ट नाही. 'पोको प्रातिको', 'पोको उतिले'. आपला 'फारसा नाही' जिथे येतो तिथे 'पोको' बसवून पाहावा.

नोव्हेंबरात कान आणि तोंड. ऐकण्याच्या प्रश्नांत पर्याय असे रचलेले असतात की बोलणाऱ्याने आधी म्हटलेलं एक पर्याय बनतं आणि 'मा', 'इन्वेचे', 'इन रेआल्ता' नंतर म्हटलेलं खरं उत्तर असतं. म्हणून हे शब्द ऐकले की पेन्सिल टेकवावी. 'इन रेआल्ता' म्हणजे 'खरं तर', तो आधीचं खोडतो. 'इन एफ्फेत्ती' म्हणजे 'खरंच की', तो मान डोलावतो. 'पेर पोको नोन कादेवो' ऐकून 'पडलो नाही' एवढंच धरू नये. 'पडता पडता वाचलो' असं ते आहे. मिलान आणि उत्तरेकडे एक वेगळीच अडचण. 'प्युत्तोस्तो के' म्हणजे 'पेक्षा, ऐवजी', पण तिकडचे लोक बोलताना तो 'किंवा' या अर्थाने पेरतात: रेल्वे 'प्युत्तोस्तो के' बस, म्हणजे रेल्वे किंवा बस, काहीही. क्रुस्काने यावर स्पष्ट नापसंती नोंदवली आहे. ऐकून समजावा, स्वतः वापरू नये.

तोंडी परीक्षेत नाही म्हणायला शिकावं लागतं. नकारार्थी प्रश्नाला आपण 'हो, नाही येत' असंही उत्तर देतो; इटालियनमध्ये येणार नसाल तर 'नो', येणार असाल तर 'सी'. समोरच्याचं खोडायचं असेल तर 'इन्वेचे सी' किंवा 'सी के': 'सी के ओ कापीतो!' म्हणजे 'समजलंय की!' इंग्रजीला हा 'की' जमत नाही, ती 'आय डिड' वर जोर देऊन वेळ मारून नेते. 'नोन ए मीका फाचिले' हे 'काही सोपं नाही हं' आहे, 'मीका' म्हणजे तो 'काही'. हे सगळं मित्रांत. परीक्षकाशी 'लेई' वापरून, म्हणजे आपल्या 'आपण'च्या अदबीने: 'नोन सोनो देल तुत्तो दाक्कोर्दो' (पूर्ण सहमत नाही) किंवा 'कापिस्को, पेरॉ...'. नुसतं 'नो' उद्धट वाटत नाही, पण संवाद तिथेच संपतो आणि मोजायला भाषा उरत नाही.

डिसेंबरचा दिवस लांबलचक असतो. मूळ पासपोर्ट किंवा निवास परवाना, निळं किंवा काळं पेन, पाणी, खाऊ. उत्तरं वेगळ्या उत्तरपत्रिकेवर उतरवायची असतात, त्यासाठी वेळ राखावा. लिहिण्याच्या भागात दोन मजकूर: एक १२० ते १४० शब्दांचा, दुसरा ८० ते १०० शब्दांचा, पत्र किंवा ई-मेल स्वरूपाचा. इतक्या थोड्या शब्दांत विरोधाचे जोडशब्द पाच-सहा कोंबले तर ते उठून दिसतात. मी मोठ्या मजकुरात 'दा उन लातो... दाल्लाल्त्रो' (एकीकडे... दुसरीकडे) ही एक जोडी, एक 'तुत्तावीया' (तथापि) आणि कोन्जुन्तीवोसह एक 'नोनोस्तान्ते' एवढंच धरलं होतं. 'मीका' आणि 'आन्त्सी नो' अर्जवजा पत्रात नकोत. हाताने लिहिताना चिन्हं पाहावीत: 'पेरॉ'च्या शेवटी डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ, 'बेन्के' आणि 'आन्त्सिके'च्या ('ऐवजी') शेवटी चढणारी. 'बेन्सी'वरची रेघ विसरली तर तो शब्दच उरत नाही. इंग्रजीत 'हाउएव्हर'आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो, नुसता स्वल्पविराम चूक धरतात. इटालियन 'तुत्तावीया'आधीही अर्धविराम ठेवला की कोणी बोट दाखवत नाही.

बोलण्याचा भाग दहा मिनिटांच्या आसपास. आधी परीक्षकाशी संवाद, मग दिलेल्या विषयांतला एक निवडून एकट्याने बोलणं. सगळं ध्वनिमुद्रित होऊन सिएनाला जातं, गुण तिथे देतात. समोरची व्यक्ती हसली किंवा कपाळाला आठ्या पडल्या, त्यावरून काही ठरत नाही. माझे तळहात घामेजले होते, तरी विषय 'गाव की शहर' निघाला तेव्हा हायसं वाटलं. त्यात 'मेन्त्रे' (एकीकडे हे, तर दुसरीकडे ते), 'इन कोम्पेन्सो' (त्याची भरपाई म्हणून) आणि 'आन्त्सी' तिन्हींना जागा होती.

त्यानंतर साधारण तीन महिने काहीच कळत नाही. केंद्राला फोन करून उपयोग नसतो, त्यांच्याकडेही निकाल सिएनाहूनच येतो. परीक्षेच्या दिवशी मिळालेला नोंदणी क्रमांक जपून ठेवावा, संकेतस्थळावर गुण त्यावरच दिसतात. गुण दिसले म्हणजे दाखला हातात आला असं नाही. छापील प्रमाणपत्र केंद्राकडे त्यानंतर येतं, म्हणून विद्यापीठाची मुदत जवळ असेल तर तात्पुरता दाखला चालतो का हे आधी विद्यापीठाला विचारावं. प्रमाणपत्रावर मुदतीची तारीख नसते. एखाद्या भागात ११ च्या खाली गेलात तर १८ महिन्यांच्या आत येणारं सत्र पाहून त्या भागापुरती नोंदणी करायची. अर्जात मागच्या परीक्षेचा क्रमांक द्यायला विसरायचं नाही, नाहीतर पाचही भागांची फी लावतात.